पहिली रेघ डोक्याची, दुसरी हाताची

काका, तुमच्या यंत्राचं काय करायचं, यावरून तुमच्यामागे घरात दोन पक्ष पडले आहेत. काकूंचं म्हणणं, ते स्टेशनात परत देऊन टाकावं. बाबांचं म्हणणं, स्टेशनाने ते रद्दीत काढलेलं होतं, तेव्हा परत घ्यायला ते बांधील नाहीत. बाबा वकील असल्यामुळे हे मत त्यांनी दोनदा दिलं. तोवर यंत्र तुमच्या खोलीत खिडकीशी आहे आणि त्याच्या पितळी चाकावर कुणीतरी ओलं उपरणं वाळत घातलं आहे. मी ते काढलं. थोड्या वेळाने पाहिलं, तर पुन्हा घातलेलं.

मला कुणी मत विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी उत्तर देईपर्यंत विषय बदलला असता. हे पुरतं ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो गेला. म्हणून हे तुम्हालाच सांगते आहे.

सगळं सुरू झालं ते माझ्या बहिरेपणापासून. मुंबईच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकून मी ठाण्याला परत आले, आणि बाबांनी 'मुलगी शिकली की मग बघू' म्हणून लांबवलेली लग्नाची गोष्ट आईने तडकाफडकी हाती घेतली. पहिली मंडळी आली पेणहून. मुलाच्या मामांनी विचारलं, "नाव काय, बाळ?"

नाव मला माहीत होतं. पण नुसतं नाव सांगावं, की बाबांचंही जोडावं, की शाळेत शिकवलं तसं पूर्ण वाक्य करावं, हे ठरायचं होतं. ठरलं. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "मालती."

"काय काय येतं?"

हा प्रश्न त्याहून कठीण. येतं म्हणजे कितपत आलं की येतं म्हणायचं? आई म्हणाली, "सगळं येतं."

पेणकर पोहे खाऊन गेले आणि मागाहून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण ऐकू येत नाही हे आधी सांगायला हवं होतं.

ठाण्यात बातमी तळ्याला एक फेरी मारते आणि मोठी होऊन घरी येते. पुढची मंडळी अलिबागची. मुलाचे वडील माझ्या कानाजवळ वाकले आणि होडीवाल्याला हाक मारावी तसे ओरडले, "ना-व-का-य?" मी अशी दचकले की हातातलं पोह्यांचं तबक त्यांच्या धोतरावर. त्यांनी निकाल दिला की ऐकू येतं, पण उशिरा. तिसरी मंडळी वसईची. ती तर बोललीच नाहीत. मुलाच्या आत्याबाईंनी हवेत पोळ्या लाटल्या, हवेतच भाजल्या आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आत्याबाई खूश. त्यांनी मग सुईदोरा ओवला, झोपाळा हलवला, बहुधा मूल निजवलं. हे स्थळ बाबांनीच नाकारलं. म्हणाले, "जन्मभर नाटक कोण करणार?"

वैद्यबुवांनी नाडी पाहून सांगितलं, "कफप्रकृती. सुंठ द्या." सुंठीने घसा भाजला आणि उत्तरं आणखी लांबली.

तुम्ही कल्याणहून आलात की आई तुम्हाला हे सगळं नक्कल करून सांगायची आणि तुम्ही डोळे पुसेपर्यंत हसायचात. मीही आता लिहिताना हसते आहे. तेव्हा हसत नव्हते. शाळेत मिसबाई माझ्याबद्दल 'स्लो' म्हणत. घरी आल्यावर तोच शब्द मराठीत ऐकू येऊ लागला. आईला काळजी होती की मला कोण करून घेणार. माझी काळजी वेगळी होती. मी खरंच मंद आहे का? आणि असेन, तर ते कळण्याइतकी तरी अक्कल मला आहे का? हे मी कुणाला विचारलं नाही. तुम्हालाही नाही. पण एकदा तुम्ही हसता हसता थांबलात, माझ्याकडे पाहिलंत आणि आईला म्हणालात, "वहिनी, हिला महिनाभर कल्याणला पाठवा. मला इंग्रजी वाचून दाखवायला माणूस हवाय."

तुम्ही कल्याण स्टेशनचे तारमास्तर. तारेपुरतं इंग्रजी तुम्हाला येत होतं, पण तारेच्या इंग्रजीत वाक्यं नसतात. कुणा साहेबाने गाडीत टाकून दिलेली मासिकं तुम्ही घरी आणायचात आणि मी वाचून मराठीत सांगायची. तुम्ही एखादा प्रश्न विचारायचात आणि लगेच पान लावायला घ्यायचात. चुना, कात, सुपारी, सगळं सावकाश. पान तोंडात जाईपर्यंत माझं उत्तर आलेलं असायचं. फार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पुष्कळदा तुम्ही ते पान खातच नव्हता, डब्यात परत ठेवत होता.

एका मासिकात निघालं की युरोपातले विद्वान माणसाला घंटा ऐकवतात आणि तो हात किती उशिराने उचलतो ते मोजतात. कानावर पडलेलं डोक्यात पोचायला वेळ लागतो, डोक्याचा हुकूम मज्जातंतूंमधून हातापर्यंत यायला वेळ लागतो, आणि हा वेळ माणसागणिक वेगळा असतो. मी एवढं सांगितलं आणि तुम्ही पाटावरून उठलातच.

"अगं मालू, हे ह्यांना आत्ता कळलं? मी रोज ऐकतो! इगतपुरीचा तारवाला मी जन्मात पाहिलेला नाही. पण त्याचा हात ओळखतो मी. बायकोशी भांडून आला की टिंबं तोडतो. कर्जतचा भित्रा. शब्द पाठवतो आणि थबकतो, कुणी रागावतंय का बघतो. तारेवर स्वभाव येतो, स्वभाव! माणूस म्हणजे आतून तारायंत्रच की!"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मग तुमची तार कुठं तुटलीय ते बघा आधी. केव्हाची ओरडतेय, पाणी निवलं."

त्याच आठवड्यात ते यंत्र घरी आलं. रद्दीतलं, चावी दिली की कागदाची पट्टी पुढे सरकवणारं, वर शाईची लेखणी. तुम्ही त्याला दोन खटके जोडलेत, एकमेकांपासून वीतभर लांब. माणसाने पहिल्या खटक्यावर बोट दाबून बसायचं. तुम्ही घंटा वाजवलीत की पट्टीवर रेघ सुरू. घंटा ऐकून त्याने बोट उचललं की पहिली रेघ संपली आणि दुसरी सुरू झाली. बोट दुसऱ्या खटक्यावर पोचलं की दुसरी संपली. "पहिली रेघ डोक्याची, दुसरी हाताची," तुम्ही सांगायचात. "डोक्याला कळायला किती, आणि कळल्यावर हाताला वळायला किती. दोन्हींचा हिशेब वेगळा. युरोपवाल्यांना हे सुचलंय का बघ पुढच्या अंकात."

पहिला मान काकूंचा. काकूंची पहिली रेघ निघालीच नाही. घंटा वाजायच्या आधीच त्यांनी बोट उचललं होतं. तुम्ही पुन्हा बसवलंत. पुन्हा तेच.

"अगं, घंटा वाजू तर दे!"

"तुमचा खांदा हलला. म्हणजे वाजणारच होती. वाट कशाला बघायची?"

तुम्ही पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिलात. म्हणालात, "हिच्यात डोकं मध्ये येतच नाही. हात थेट आहे." काकूंनी ही स्तुती समजून घेतली.

शेजारच्या यमुनाबाईंची पहिली रेघ लांबलचक आणि दुसरी एवढीशी. कळायला उशीर, पण एकदा कळलं की हात फाडकन. खटका त्यांनी असा दाबला की त्याची स्प्रिंग बदलावी लागली. बाबा ठाण्याहून आले, त्यांनाही तुम्ही सोडलं नाहीत. घंटा वाजली, बाबा स्वस्थ. "दादा, उचला बोट!" बाबा म्हणाले, "घंटा म्हणजे नक्की काय धरायचं? टोला, की टोल्यानंतरचा नाद? ते आधी ठरू दे." पट्टी संपेपर्यंत ते ठरलं नाही.

मग मी. मला बसायचं नव्हतं. अंगणात जमलेल्या बायका, बाबा, काकू, सगळे बघत होते, आणि आता माझं मंदपण शाईने लिहून निघणार होतं. तुम्ही म्हणालात, "मी तुझ्याकडे बघत नाही, पट्टीकडे बघतो." घंटा वाजली. मी बोट उचललं. आणि मग माझा हात त्या दोन खटक्यांच्या मधल्या वीतभर जागेत असा निघाला, जसा काही कल्याणहून पुण्याला निघाला होता आणि वाटेत घाट होता.

तुम्ही पट्टी फाडून घेतलीत. पाहिलीत. मला पुन्हा बसवलंत, मग पुन्हा. चावी संपेपर्यंत. आणि मग मोठ्याने ओरडलात, "दादा! हिची पहिली रेघ बघा! सगळ्यांत आखूड! घरात हिच्याइतकं लौकर कुणाला कळत नाही!"

"आणि दुसरी?" बाबांनी विचारलं.

"दुसरी सगळ्यांत लांब. अहो, ही मंद नाही. हिचं डोकं मेलगाडी आहे आणि हात मालगाडी. मेल केव्हाच पोचलेली असते, आपण मालगाडीची वाट बघत फलाटावर उभे राहतो आणि म्हणतो, गाडी निघालीच नाही!"

काकू म्हणाल्या, "हे मला यंत्राशिवाय माहीत होतं." कदाचित असेलही. पण मला माहीत नव्हतं, काका. मी घरात गेले आणि कोठीच्या खोलीत तांदळाच्या कणगीमागे जाऊन रडले. बाहेर आले तेव्हा तुम्ही यमुनाबाईंना समजावत होता की तुमच्याइतकी मोठी पहिली रेघ अजून कुणाची निघाली नाही, आणि त्या पदर सावरून बाकीच्या बायकांकडे बघत होत्या.

त्याच संध्याकाळी आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, हे जन्मजात असतं. मज्जातंतू ज्याचे जसे विणले गेले तसे. तुझा हात सावकाश चालणारच, त्याला कुणाचा इलाज नाही आणि लाजायचं कारणही नाही. माझं म्हणणं (ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी मांडलं, तुम्ही पान लावत होता) असं की माझा हात लोक बघतात म्हणून अडतो. एकटी असले की मी भराभर दाणे निवडते, भराभर लिहिते, बडबडतेसुद्धा.

"कुणाशी?"

"कुणाशी नाही. म्हणून तर."

तुम्ही लगेच प्रयोग मांडलात. यंत्र खोलीत, मी यंत्रापाशी, दार बंद, आणि भिंतीपलीकडून दोरीने घंटा. पट्टी निघाली. दुसरी रेघ तेवढीच लांब. तुम्ही जिंकल्यासारखे आत आलात. मी म्हणाले, "पण तुम्ही भिंतीपलीकडे होतात."

"भिंतीतून दिसतं का मला?"

"दिसत नाही. पण तुम्ही आहात, हे मला ठाऊक होतं."

"अगं मग मी असू कुठं? घंटा कोण वाजवणार? माणूस नसेल तर घंटा नाही, घंटा नाही तर रेघ नाही!"

"म्हणून तर तुमचा प्रयोग चुकला."

एवढं सरळ मी कुणाला बोलले नव्हते. तुम्ही आधी रागावलात, मग तुमच्या लक्षात आलं की मी आत्ता पान लावायच्या आधीच उत्तर दिलं, आणि तुम्ही राग विसरून माझ्याकडे बघत राहिलात. मी लगेच गप्प झाले. बघा, तेच माझं म्हणणं होतं.

एकदा मी तुमची रेघ काढली, आठवतं? घंटा माझ्या हातात देताना तुमचा जीव खालीवर होत होता. तुमची पहिली रेघ यमुनाबाईंच्या खालोखाल लांब निघाली. तुम्ही म्हणालात, स्प्रिंग सैल झाली आहे. स्प्रिंग नवीन होती.

माझं लग्न तुम्ही ठरवलंत, तेही तारेवर. ठाण्याला येऊन आईला सांगितलंत, "डोंबिवलीला नवा तारवाला आलाय. आपल्यातलाच, घर चांगलं. मालूला तोच."

"तुम्ही पाहिलाय?"

"पाहायचं काय? रोज ऐकतो. काय हात आहे, वहिनी! शब्द सुरू करायच्या आधी थांबतो. आणि एकदा सुरू केला की एक टिंब चुकत नाही. मला त्याला कधी परत विचारावं लागलेलं नाही."

"भावोजी, पोरीचं लग्न टिंबांशी लावायचंय का? दिसतो कसा?"

"ते तारेवर येत नाही."

आईचा खरा आक्षेप पुढचा होता. "आणि डोंबिवली? तिथं माणसं राहतात?"

"स्टेशन आहे की."

"स्टेशन आहे म्हणजे माणसं आहेत असं होत नाही. भातखाचरं आहेत आणि मधोमध एक पाटी. गाडी तिथं थांबते का, ते गार्डालासुद्धा सांगता येत नाही."

तरी हे आले. बरोबर त्यांचे काका होते. तुमच्या हट्टावरून आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि त्यांच्या काकांनी यांना सांगितलं, "विचार काय विचारायचं ते." हे विचार करू लागले. मी वाट पाहत राहिले. आईने दोनदा खोकून पाहिलं. तुम्ही मात्र कोपऱ्यात बसून, कान देऊन, तारेवर बसल्यासारखे स्तब्ध. पोहे झाले, पाणी झालं, मंडळी उठली, चपला घातल्या, आणि तेव्हा हे म्हणाले, "वाचायला आवडतं का?" मंडळी फाटकापर्यंत गेली. फाटक उघडलं. तेव्हा मी म्हणाले, "हो." फार हळू म्हणाले. हे फाटकातून परत दोन पावलं आत आले, ऐकलं, मान हलवली आणि गेले. तुम्ही आईला म्हणालात, "लाइन क्लिअर!"

लग्नात अंगठीचा खेळ झाला, तो तुम्ही नंतर वर्षभर सांगत होता, पण तुम्ही सांगायचात तो दारातून दिसलेला. मी परातीजवळ होते. हळदीच्या पाण्यात अंगठी टाकली, नवरानवरीने एकेक हात घालायचा, ज्याच्या हाती अंगठी त्याचं घरात राज्य. भोवती सगळ्या सासरच्या बायका. त्यांनी ठाण्याची बातमी ऐकलेली होती. कुणीतरी कुजबुजलं, "आता कळेल किती ऐकू येतं ते." ऐकू येण्याचा अंगठीशी काय संबंध, मला कळलं नाही. नव्या घरात पहिल्याच दिवशी तो शब्द माझ्या आधी पोचला होता.

पाण्यात हात घालताक्षणी माझ्या बोटांना अंगठी लागली. परातीच्या कडेला, माझ्याच बाजूला. पण घेऊ? घेतली तर म्हणतील, पहिल्या दिवशी राज्य हवं. नाही घेतली तर म्हणतील, मंदच. मी बोट अंगठीवर ठेवून विचार करू लागले. तेवढ्यात यांचं बोट त्याच अंगठीवर येऊन थांबलं. आणि थांबूनच राहिलं. बायका ओरडत होत्या, "घे गं! ओढ रे!" आणि हळदीच्या पाण्याखाली आमची दोन बोटं एका अंगठीवर, अगदी स्वस्थ. मी वर पाहिलं नाही. पण हसू येत होतं, आणि पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या, त्या माझ्या नव्हत्या.

दारातून तुमचा आवाज आला, "बघा, बघा! दोघांची पहिली रेघ संपली! दोघं पोचलेत! दुसरी संपायचीय!" कुणाला काही कळलं नाही. भटजींना वाटलं, तुमच्याकडची काही रीत असेल. शेवटी सासूबाईंनी पुढे होऊन परातीत आपलाच हात घातला, अंगठी काढली आणि म्हणाल्या, "पाणी गार झालं. राज्य तूर्त माझ्याकडेच राहू दे." ते अजून त्यांच्याकडेच आहे, आणि आम्हा दोघांना ते सोयीचं आहे.

या घरात मला कुणी मंद म्हटलं नाही, काका. आमच्याकडे जेवताना एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरा कधी कधी अंथरुणं घालताना देतो. सासूबाई म्हणतात, दोघांत मिळून एक बोलका माणूस झाला असता तर बरं होतं. डोंबिवलीत माणसं आहेत, आईला सांगायचं राहून गेलं. थोडी आहेत, पण ती थांबतात.

शेवटचं भेटले तेव्हा तुम्हाला ताप होता. साधाच, असं तुम्ही म्हणालात. यंत्राकडे बोट दाखवून म्हणालात, "मालू, भिंतीचा मुद्दा राहिला. मी विचार केला. स्वभाव म्हणजे स्वभाव. जिथं नेशील तिथं तोच. माझं म्हणणं मी सोडत नाही." मला पुष्कळ बोलायचं होतं. भांडणाचं उत्तर होतं, आणि दुसरंही होतं, त्या कणगीमागच्या दिवसाचं. दोन्ही तयार होती. कुठलं आधी सांगावं हे ठरवत होते, तेवढ्यात गाडीची वेळ झाली. मनात म्हटलं, पुढच्या खेपेला.

त्या सकाळी तारेवर कल्याणची हाक आली तेव्हा हात परका होता. यांनी मला नंतर सांगितलं की निरोप उतरवून घ्यायच्या आधीच त्यांना कळलं. हे घरी आले आणि उंबऱ्यात उभे राहिले. त्यांच्या तोंडाकडे पाहून मलाही कळलं. मला कळलं हे त्यांनाही कळलं. तरी आम्ही दोघं तसेच उभे, त्यांना सांगता येईना, मला विचारता येईना. शेजाऱ्यांची कोंबडी आमच्या मधून घरात गेली, फिरून आली आणि परत बाहेर गेली. मग हे म्हणाले, "गाडीला वेळ आहे." आणि आम्ही रुळांच्या कडेने चालत निघालो. आम्ही दोघं इतक्या वेगाने चालू शकतो, हे आम्हाला माहीत नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा पुरुष मंडळी तुम्हाला न्यायच्या तयारीत होती. तुमचे हात पोटावर नीट ठेवलेले होते. ते मला बघवले नाहीत. मी आयुष्यात तुमचे हात एका जागी पाहिलेले नव्हते.

तुम्हाला नेलं, आणि घरात बायका उरल्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. हललेल्या नव्हत्या. कुणी पाणी पुढे केलं तर घेत नव्हत्या, नको म्हणत नव्हत्या. त्यांना असं बघून मला जेवढी भीती वाटली, तेवढी तुम्हाला बघून वाटली नव्हती.

मग यमुनाबाई आल्या. त्या वाईट नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. सकाळपासून सगळ्यांचं करत होत्या. पण त्यांना एक गोष्ट कळायला उशीर लागतो, आणि कळली की ती तिथल्या तिथे व्हायला लागते. त्यांना आत्ता कळलं होतं की काकूंच्या हातांत बांगड्या आहेत. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाटा-वरवंटा घेऊन आल्या.

"वहिनी, रीत आहे ती होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि काकूंचा हात उचलून त्यांनी पाट्यावर ठेवला. काकूंनी तो ठेवू दिला. कापडाचा हात असावा तसा.

मी यमुनाबाईंचं मनगट धरलं. धरलं हे मला धरल्यानंतर कळलं. काका, मी शपथेवर सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात काही नव्हतं. धरावं की नाही, शोभेल की नाही, लोक काय म्हणतील, काही काही नव्हतं. खोलीभर बायका माझ्याकडे बघत होत्या आणि हात आधीच तिथे होता.

"अगं सोड! हे काय? वकिलांची मुलगी ना तू?"

आता डोकं पोचलं, आणि त्याला काय बोलायचं ते सुचेना. हात मात्र सुटेना. यमुनाबाई ओढताहेत, मी धरून आहे, आणि मधे वरवंटा डुगडुगतो आहे. शेवटी माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "नको."

काकूंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, यमुनाबाईंकडे पाहिलं, वरवंट्याकडे पाहिलं.

"यमुने, ठेव तो खाली. कुणाच्या तरी पायावर घालशील." पाट्यावरचा हात त्यांनी ओढून घेतला. "मोडायच्या तेव्हा मी मोडीन. हात माझे आहेत. आणि मालू, तू सोड तिला. काळंनिळं झालं बघ मनगट."

त्यानंतर काकू रडल्या. मीही रडले, माझ्या मानाने लगेच.

हे मी तुमच्या बाजूचं म्हणून सांगावं की माझ्या, ते मला कळत नाही. तुम्ही म्हणाल, एका वेळेने काही सिद्ध होत नाही, पुन्हा बसव हिला. मी म्हणेन, त्या वेळी सगळे बघत होते, म्हणजे माझंही म्हणणं चुकलं. आपण दोघंही हरलो, असं दिसतं. कणगीमागच्या दिवसाचं मात्र सांगते, आता गाडीची वेळ नाही. त्या दिवशी तुम्ही मला मी परत दिलीत. एवढंच होतं. तयार होतं, फक्त पोचलं नाही.

कल्याणात आता माझ्याबद्दल नवी बातमी आहे. वकिलांची मालती फार तडक आहे, अंगावर येते, तिच्याजवळ जरा जपून बसा. काल समाचाराला आलेल्या एक बाई माझ्यापासून चांगल्या हातभर लांब बसल्या. ही बातमी ठाण्याला आईपर्यंत पोचली की आई कुणाला तरी नक्कल करून दाखवील, आणि डोळे पुसेपर्यंत हसायला या खेपेला तुम्ही नाही.

यमुनाबाई आज सकाळी आल्या होत्या. मनगटाला हळद लावलेली होती. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण काकूंसाठी पेज आणली होती, आणि जाताना मला म्हणाल्या, "तूही घे थोडी."

काकू आता स्वयंपाकघरात भांडी लावताहेत. भराभर, नेहमीसारखी, एक लागायच्या आत दुसरं उचलून. मी हे तुमच्या खोलीत बसून लिहिते आहे, दार लावलेलं आहे. भिंतीपलीकडून बांगड्या वाजताहेत.